उत्तमरावांच्या बंदुकीची दुसरी नळी

मेहकरच्या तहसील कचेरीत उत्तमराव हत्यारांच्या परवान्यांचे कारकून होते, आणि एकोणीस वर्षांत त्यांनी आपल्या रजिस्टरात एकही खाडाखोड होऊ दिली नव्हती. तहसीलदार आले नि बदलून गेले, नागपुराहून हुकूम आले नि फिरले, एका वादळात कचेरीचे कवेलू उडाले. रजिस्टर होतं तसं राहिलं. तालुक्यातली प्रत्येक परवान्याची बंदूक त्यात होती. नळ्या किती, लांबी किती, दस्ता कोणत्या लाकडाचा, पट्टा कातड्याचा की सुताचा, सगळं. दर वर्षी दसऱ्यानंतर आठव्या दिवशी कचेरीच्या आवारात हत्यारांचा मुलाहिजा होई. परवानेवाले आपापल्या बंदुका मांडीवर घेऊन रांगेत बसत आणि उत्तमराव एका हातात रजिस्टर धरून दुसऱ्या हाताचं बोट बंदुकीवरून फिरवत जात. बोट कुठे अडलं की ते आवाज न चढवता म्हणत, "वर्णन जुळत नाही, सबब जमा."

या वाक्यावर त्यांचा जीव होता. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी ते हेच म्हणत, आणि शालूबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आमटीचं पातेलं खरोखरच उचलून आत नेत.

सात वर्षांपूर्वी बीबी गावच्या भगवानरावांवर हे वाक्य पडलं होतं. भगवानराव म्हणजे चार पिढ्यांचे शेतकरी, बोलणं कमी, चालणं जास्त. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा सागवानी दस्ता बैलाच्या पायाखाली येऊन मोडला. त्यांनी बाभळीचा नवा करून घेतला, तेल पाजून चकचकीत केला आणि मोठ्या कौतुकानं मुलाहिज्याला आणला. रजिस्टरात सागवान, हातात बाभूळ. बंदूक जमा झाली आणि मालखान्यात गेली. तेव्हापासून दर मुलाहिज्याला भगवानराव पावतीची घडी घेऊन येत, कचेरीच्या ओट्यावर दिवसभर बसत आणि संध्याकाळी विचारत, "साहेब, आमचं काई?" उत्तमराव म्हणत, "वर्णन जुळत नाही, भगवानराव." भगवानराव "बरं" म्हणत आणि बैल जुंपायला जात. असा समजूतदार माणूस तालुक्यात दुसरा नाही, असं उत्तमरावांचं मत होतं.

आता उत्तमरावांचं वडिलोपार्जित वावर बीबीच्याच शिवारात, भगवानरावांच्या बांधाला बांध लावून. भगवानरावांची बंदूक मालखान्यात गेल्यापासून त्या बाजूनं डुकरं येऊ लागली होती आणि दर वर्षी वाढत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं उत्तमरावांच्या मनात कधी आलं नाही. कचेरीतली गोष्ट कचेरीत आणि वावरातली वावरात, अशी त्यांच्या डोक्यातली दप्तरं वेगवेगळी बांधलेली होती.

पीक राखायला त्यांच्याकडे स्वतःची एकनळी रायफल होती. गेल्या साली ज्वारी दाण्यावर आली तेव्हा एक जाडजूड डुक्कर त्यांच्या समोर पंचवीस पावलांवर उभं राहिलं. उत्तमरावांनी नेम धरला. पन्नाशीच्या डोळ्यांना नळीच्या टोकावरची नेमाची माशी दोन-दोन दिसत होती, त्यांतली बरी दिसली ती त्यांनी निवडली आणि चाप ओढला. डुकरानं मान वर केली, त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा खायला सुरुवात केली. निम्मी ज्वारी गेली. हे सगळं शेजारच्या वावरातल्या निंदणाऱ्या बायांनी पाहिलं होतं, त्यामुळे आठवडी बाजाराच्या आत ते बीबीपासून मेहकरपर्यंत पोचलं. यंदाही ज्वारी गेली तर वर्षभराची भाकर बाहेरून आणावी लागणार होती, आणि बंदुकांच्या कारकुनाला बंदूक चालवता येत नाही हे कायमचं नोंदलं जाणार होतं.

अशात भाद्रपदात जंगल खात्याचा एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. त्याच्या तीन बंदुकांचे कागद उत्तमरावांनी दोन दिवसांत चोख करून दिले, म्हणून साहेब जाताना त्यांच्या हातात एक कातडी डबा ठेवून गेला. डब्यात बंदुकीवर बसवायची हातभर लांब काळी दुर्बीण होती. सोबत दोन कडी, एक लोखंडी पट्टी, स्क्रूची पुडी आणि दुर्बीण कशी बसवावी हे सांगणारा छापील इंग्रजी कागद.

उत्तमरावांनी ओसरीवर बसून दुर्बीण डोळ्याला लावली. गल्लीच्या टोकाला पिंपळ होता. त्याचं एक पान समोर आलं, पानाच्या शिरा दिसल्या, शिरेवरून चाललेला मुंगळा दिसला. दहा वर्षांत त्यांनी मुंगळ्याचा पाय पाहिला नव्हता.

"हे म्या सोता बसवनार," त्यांनी शालूबाईंना सांगितलं.

"अकोल्याले तो बंदुकीवाला कारागीर हाय ना. त्याच्याकडं काऊन नाई पाठवत?"

पण बंदूक जिल्ह्याबाहेर न्यायची तर पास लागतो. पासाचा अर्ज उत्तमरावांच्याच टेबलावर येणार होता, आणि तो कारकून किती कडक आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

शेजारचे शेषराव मास्तर शाळेत भूगोल शिकवत. दुर्बीण हा शब्द भिंतीपलीकडे गेला तसे ते चहाचा कप हातात घेऊनच आले. त्यांनी आधी कागद मागितला. कागद साहेबाच्या बंगल्यातल्या वाळवीनं आधीच वाचला होता. पहिलं कलम शाबूत होतं, शेवटचं होतं, मधली तीन नव्हती. पहिल्या कलमात लिहिलं होतं की बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. शेवटच्यात लिहिलं होतं की आता आपण नेमबाजीचा आनंद घ्यावा.

"मधलं अनुमानानं काढता येते," मास्तर म्हणाले. "भूगोलात आपण तेच करतो."

मास्तरांनी अनुमानानं पहिली गोष्ट ही काढली की मोठं भिंग डोळ्याकडे असतं, कारण डोळा मोठा करायचा असतो. दुर्बीण तशी धरून सुतळीनं नळीवर बांधली. उत्तमरावांनी नेम धरून पाहिलं. गल्लीच्या टोकाचा पिंपळ थेट निजामाच्या हद्दीत, मोगलाईत गेलेला होता. त्याच्या खाली एक बारीकसं काहीतरी हलत होतं. ती त्यांची स्वतःची म्हैस निघाली.

"हे डुकराले कामाचं हाय," शालूबाई आतून म्हणाल्या. "त्यानं ह्याच्यातून तुमाले पाह्यलं तं त्याले भेव नाई वाटनार."

दुर्बीण फिरवली. मग लक्षात आलं की पट्टीला चार भोकं आहेत आणि ती ज्या लोखंडावर बसवायची त्याला एकही नाही. पेचकस घरात नव्हता. उत्तमरावांनी ढब्बू पैशाच्या कडेनं एक स्क्रू नुसताच लोखंडावर टेकवून फिरवून पाहिला. पैशाची कड गेली, लोखंडावर ओरखडाही उठला नाही. तेव्हा कडूबाकडे जाण्यावाचून इलाज उरला नाही.

कडूबा हा वेशीजवळचा लोहार. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्यात त्याचा हात धरणारा पाच कोसांत कोणी नव्हता. उत्तमराव बंदूक घेऊन भात्याजवळ बसले आणि दस्त्याचं टोक हातात घट्ट धरून ठेवलं.

"सोडा ना साहेब, मले फिरवून पाहू द्या."

"परवाना माझ्या नावावर आहे, कडूबा. बंदूक तुझ्या ताब्यात गेली तर गुन्हा होतो. तू पुढची बाजू हाताळ, मी मागची धरतो. म्हणजे ताबा माझा, काम तुझं."

रागावले किंवा कायदा सांगू लागले की उत्तमराव पुस्तकातलं बोलत. त्यामुळे पुढचे तीन दिवस ती बंदूक जिकडे जाई तिकडे दस्त्याला धरून उत्तमराव जात. कडूबा ऐरणीकडे वळला की ते वळत. तो पाणी प्यायला उठला की त्यांनाही उठावं लागे.

कडूबानं भोकं पाडून पट्टी बसवली, पट्टीवर कडी, कड्यांत दुर्बीण. काम देखणं झालं. मग उत्तमरावांनी काडतूस भरायची मूठ वर उचलली आणि मूठ दुर्बिणीच्या पोटाला जाऊन अडली. दुर्बीण असली की मूठ उचलत नव्हती, मूठ उचलायची तर दुर्बीण काढावी लागत होती. बंदूक आता एकतर पाहू शकत होती किंवा गोळी झाडू शकत होती. उत्तमरावांनी मूठ आणखी तीनदा उचलून पाहिली, दस्ता हातात धरूनच.

"दुर्बीण उचलू मंग," कडूबा म्हणाला, आणि त्यानं कड्यांखाली गाडीच्या जुन्या धावेचे दोन तुकडे घातले. मूठ मोकळी झाली. मात्र दुर्बीण इतकी वर गेली की गाल दस्त्याला लावला तर डोळा दुर्बिणीच्या चार बोटं खाली राही, आणि डोळा लावला तर गाल हवेत. यावर शालूबाईंची एक लहान उशी दस्त्यावर बांधण्यात आली. उशीवर मोर विणलेला होता. उत्तमरावांनी तो आतल्या बाजूला वळवून घेतला, तरी गल्लीतल्या प्रत्येकानं तो पाहिलाच.

पैनगंगेच्या वाळूत, वाहत्या वाटेपासून लांब, फुटकं मडकं ठेवून चाचणी ठरली. मास्तर बरोबर होतेच. कडी जराशी सैल होती म्हणून मास्तरांनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून ती घट्ट केली आणि सांगितलं, "डोळा भिंगाले चिटकवून ठेवा. जितका जवळ, तितकं स्पष्ट." हे अनुमान त्यांनी चष्म्यावरून काढलं होतं.

उत्तमरावांनी डोळा चिकटवला. मडक्यावरची चीर त्यांना भिंतीवरच्या भेगेएवढी दिसली. त्यांनी चाप ओढला.

त्यानंतरचं त्यांना नीट आठवत नसे. बंदुकीनं मागे धक्का दिला, दुर्बीण लुगड्याच्या पट्ट्यांतून सरकली आणि तिची धातूची कड सरळ भुवईवर येऊन बसली. ते वाळूत बसले होते, उशी मांडीवर होती आणि रक्त नाकावरून खाली येत होतं. मडकं जागेवर होतं. गोळी कुठे गेली ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्याला पट्टी बांधून कचेरीत गेले. भुवईवर दुर्बिणीच्या तोंडाएवढी, अगदी गोल, निळी-जांभळी खूण होती. दुपारपर्यंत कचेरीत ठरलं की ही लाटण्याच्या टोकाची खूण आहे. संध्याकाळी पाणवठ्यावरच्या बाया शालूबाईंना वाट करून देऊ लागल्या. सत्यभामाबाई नावाच्या एक वयस्कर बाई, ज्यांनी वीस वर्षांत शालूबाईंना आधी पाणी भरू दिलं नव्हतं, त्या बाजूला सरून म्हणाल्या, "भर बाई, भर आधी तू."

शालूबाई घरी येऊन घागर आपटून म्हणाल्या, "तुमाले डुक्कर मारता येत नाई आन् मारकुटी म्हनून नाव माझं. त्यापरीस ते बंदूक राहूच द्या."

पण उत्तमराव आता मागे फिरणाऱ्यांतले राहिले नव्हते. दसरा चार दिवसांवर आला होता, ज्वारी पोटऱ्यात, कणीस बाहेर पडायच्या बेतात होती आणि बीबीहून निरोप आला होता की डुकरांचा कळप बांधावर येऊन पाहणी करून गेला. ते पुन्हा कडूबाकडे गेले आणि म्हणाले, "कडूबा, मले काई सांगू नको. पन हे हलाले नाई पायजे. कितीबी धक्का बसू दे, हे हलता कामा नये."

कडूबाला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत सोपं काम मिळालं. न हलणारी गोष्ट त्याला एकच ठाऊक होती. गाडीच्या चाकाला तो जसं करी तसंच त्यानं केलं. दोन लोखंडी धावा वळवल्या, नळी आणि दुर्बीण दोघींच्या भोवती मिळून बसतील अशा, केसभर लहान. त्या भट्टीत लाल केल्या. उत्तमरावांनी एका डोळ्यानं धूर आणि लाली पाहिली, दस्ता सवयीनं धरलेला होता. काय चाललंय हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत कडूबानं चिमट्यानं पहिली धाव सरकवली, मग दुसरी, आणि वरून घागरभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफेत सगळं नाहीसं झालं. वाफ विरली तेव्हा धावा आवळून बसल्या होत्या आणि काच तडकली नव्हती.

"आता चाक फुटन पन धाव निघनार नाई," कडूबा म्हणाला.

उत्तमरावांनी मूठ काढून घेऊन आधी नळीतून पाहिलं, मग बंदूक न हलवता दुर्बिणीतून पाहिलं. मग पुन्हा नळीतून. नळी मेहकरकडे पाहत होती आणि दुर्बीण जानेफळकडे.

"कडूबा," ते क्षीण आवाजात म्हणाले, "हे दोघं दोन गावाले चालले."

कडूबानंही पाहिलं. तो विचार करून म्हणाला, "साहेब, तुमी त्याइच्या मधात पाहा."

घरी आल्यावर उत्तमराव जेवले नाहीत. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी कानशीनं, तेलानं, शेवटी हातोडीनंही प्रयत्न केले. महिनाभर जी दुर्बीण काही केल्या राहत नव्हती, ती आता काही केल्या निघत नव्हती. धाव कापायची तर खालची नळी कापली जाणार, असं कडूबानं अभिमानानं सांगितलं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली. शालूबाईंनी पाटावर विळी, सुरी, मास्तरांनी पूजेला आणून दिलेली, पोरांच्या हातावर मारायची जुनी पट्टी आणि बंदूक मांडली, बंदुकीला झेंडूची माळ घातली आणि प्रत्येक हत्याराला लावतात तसं हळदकुंकू लावलं. बंदुकीचा डोळा तोच तिचा चेहरा असं समजून त्यांनी दुर्बिणीच्या भिंगाच्या मधोमध ठसठशीत बोट ठेवलं. उत्तमरावांनी पाहिलं तेव्हा सगळं मेहकर लाल होतं. पुसायला गेले तर कुंकू कडेच्या फटीत गेलं. हळदकुंकवाला ते काही बोलू शकत नव्हते.

दसरा होऊन गेला आणि मुलाहिज्याचा दिवस दोन दिवसांवर आला. खरं सांगायचं तर तोवर त्या दिवसाचा विचार त्यांच्या मनात भलत्याच बाजूनं चालू होता. दर वर्षी आपणही आपली बंदूक रांगेच्या शेवटी ठेवून तहसीलदारांकडून पाहून घ्यायची, हा त्यांनीच घालून दिलेला शिरस्ता. दुर्बिणीबद्दल नोंदीचा प्रश्न आलाच तर मास्तरांनी उत्तर तयार ठेवलं होतं: चष्मा लावला म्हणून माणूस बदलत नाही. उत्तमरावांना ते पटलं होतं. भगवानरावांच्या दस्त्याची त्यांना आठवणही झाली नाही.

मुलाहिज्याला आवार भरलं. उत्तमरावांचं बोट नेहमीसारखं फिरलं. एकाचा पट्टा सुताचा निघाला, तो जमा झाला. भगवानराव ओट्यावर पावती घेऊन बसलेले होते. शेवटी तहसीलदारसाहेब स्वतः आले. नागपूरकडचे, नवेच, तरुण, आणि कामात मनापासून. त्यांनी उत्तमरावांची बंदूक उचलली, उशी सोडून बाजूला ठेवली आणि बंदूक वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"रजिस्टरात काय आहे?"

"एकनळी, साहेब."

"उत्तमराव, नळ्या मोजा."

आवारात शंभरेक माणसं होती. उत्तमरावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. एकावर एक दोन काळ्या नळ्या, कडूबाच्या धावांनी एकजीव केलेल्या.

"साहेब, वरची नळी नव्हे. ती दुर्बीण आहे. चष्मा लावला म्हणून माणूस बदलत नाही."

"चष्म्याला धाव घालत नाहीत," तहसीलदार म्हणाले. त्यांनी दुर्बिणीत डोळा घातला, लाल दिसल्यावर दचकून बाहेर काढला. "दुर्बिणीतून दिसतं, यातून दिसत नाही. काढून दाखवा, निघत नाही. नोंदीत ती आहे का?"

"नाही."

"मी नवा आहे. नियम तुम्हीच सांगा. अशा वेळी या कचेरीत काय करतात?"

उत्तमराव उभे राहिले होते आणि त्यांना पुढचं ठाऊक होतं, तरी ते थांबवता आलं नाही. एकोणीस वर्षांची सवय तोंडात बसलेली होती. त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, नेहमीसारखाच, न चढलेला.

"वर्णन जुळत नाही, सबब जमा."

आवारात कोणी हसलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. रजिस्टरातली नोंद त्यांनी स्वतःच्या अक्षरात, खाडाखोड न करता केली. मग मालखान्यात बंदूक ठेवायला गेले. भिंतीला एकच खुंटी मोकळी होती, आणि तिच्या शेजारी सात वर्षांची धूळ बसलेली एक ठासणीची बंदूक होती. बाभळीचा दस्ता अजून चांगला होता. त्याला तेल पाजलेलं अजून दिसत होतं. उत्तमरावांनी बोटानं धूळ पुसली. त्या दस्त्यानं गोळीची दिशा बदलली नसती, बंदूक बदलली नसती, काहीच बदललं नसतं, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, आणि त्यांना आपलीच भीती वाटली.

संध्याकाळी तहसीलदार म्हणाले, "उत्तमराव, मला तुमची अडचण करायची नाही. असला बदल पूर्वी या कचेरीनं दुरुस्ती म्हणून माफ केल्याचा एक जरी दाखला दाखवलात, तर मी शिफारस करतो."

उत्तमरावांनी दर सालचं एक अशी एकोणीस रजिस्टरं काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानन् पान पाहिलं. दाखला असणार कुठून? त्यांनी कोणालाच कधी माफ केलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या वाटा स्वतः बुजवल्या होत्या आणि आता त्यांतलीच एक त्यांना हवी होती.

भगवानराव ओट्यावरच होते. बैलाला ठेच लागली म्हणून रात्री धर्मशाळेत राहिले होते. उत्तमराव बाहेर आले.

"भगवानराव, ती पावती आणा."

भगवानरावांनी घडी उलगडली. कागद घड्यांवर फाटत आला होता. उत्तमरावांनी आत बसून टिपण लिहिलं: "दस्ता मोडल्याने नवा बसविणे ही दुरुस्ती होय, बदल नव्हे. सबब हत्यार परत द्यावे." तहसीलदारांनी सही केली. सात वर्षं अडलेलं काम चहा निवायच्या आत झालं.

बंदूक हातात आल्यावर भगवानरावांनी दस्त्यावरून हात फिरवला. "बरं," म्हणाले आणि निघाले.

उत्तमरावांनी लगेच तो दाखला जोडून स्वतःचा अर्ज केला. तहसीलदारांनी तो वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "दाखला उत्तम आहे. फक्त कारकुनाचा स्वतःचा अर्ज त्याच्याच कचेरीत निकाली निघत नाही, असं तुमचंच एक परिपत्रक आहे." अर्ज बुलढाण्याला डिप्टी कमिशनरांच्या कचेरीत गेला. पंधरा दिवसांनी विचारणा आली: वरील नळीतून गोळी सुटते किंवा कसे, याचा खुलासा करावा. उत्तमरावांनी खुलासा केला. महिन्यानं दुसरी विचारणा आली: सुटत नसल्यास ती नळी बसविण्याचा हेतू काय, याचा खुलासा करावा.

इकडे ज्वारी दाण्यावर आली. उत्तमराव बीबीला गेले नाहीत. रिकाम्या हातानं बांधावर उभं राहून पाहवणार नव्हतं. शालूबाईंनी एका सकाळी नुसतं विचारलं, "औंदा किती राह्यली असन?" ते टोपी घालून कचेरीला निघाले. भुवईवरची खूण आता पिवळी पडली होती.

बाजाराच्या दिवशी भगवानराव कचेरीच्या ओट्यावर येऊन बसले. मुलाहिजा नव्हता, पावती नव्हती, म्हणून उत्तमराव चपापले. भगवानरावांनी धोतराच्या सोग्यातून एक गाठोडं काढून पुढे ठेवलं. कोवळा, गरम राखेचा वास असलेला हुरडा होता.

"तुमच्या वावरातला हाय," ते म्हणाले. "ज्वारी सारी उभी हाय. डुकरं आले होते. मोठं होतं ते पाडलं परवा झुंजूमुंजूले. बाकीचे पळाले मोगलाईत."

उत्तमरावांनी गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाले, "भगवानराव, सात वर्सं तुमी मले कधी काई बोलले नाई. काऊन?"

"काय बोलनार, साहेब? नोंद जुळत नव्हती ना."

हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखऱ्या डोळ्यात जरा जास्त. त्यांनी ओट्यावर, सगळ्या कचेरीदेखत, भगवानरावांच्या शेजारी बसून हुरडा गाठोड्यातून घेतला आणि तोंडात टाकला. आत टेबलावर बुलढाण्याची दुसरी विचारणा उत्तराची वाट पाहत पडली होती.

"एक सांगा साहेब," भगवानराव उठता उठता म्हणाले, "म्या तं एकाच नळीनं पाडलं. तुमी ते दुसरी कायले बसवली होती?"

उत्तमरावांनी तोंडातला हुरडा चावून गिळला. मग आत जाऊन त्यांनी विचारणेचा कागद ओढला आणि हेतू काय या रकान्यापुढे आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, "माहिती उपलब्ध नाही."